उशीवरचं हेलिकॉप्टर

जासई, ६ मार्च २०२५

चि. अक्षता,

आशीर्वाद. उजव्या हाताचे आहेत, तेव्हा थोडे वाकडे लागतील, चालवून घे. मनगटात धातूची पट्टी बसवली आहे, टाके निघाले, आणि खारघरच्या फिजिओथेरपिस्ट हादिया मॅडमनी हुकूम सोडलाय की बोटं चालती ठेवा, रोज पानभर टाइप करा. आता पानभर कुणाला लिहू? तुझ्या जहाजावर फोन लागत नाही, मेल तेवढा पोचतो. म्हणून ही शिक्षा तुझ्या वाट्याला.

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तुझ्या काकीने तुला भलतंच सांगितलं असणार. चाळीस प्लसच्या क्रिकेट स्पर्धेत मी पडलो हे खरं. पण कॅच घेऊन पडलो. बॉल हातातून सुटला नाही. अंपायरने बोट वर केलं आणि मगच मला गाडीत घातलं.

आता कामाचं. तू इंजिनरूममधली, तुला आमचं वरचं काय माहीत, म्हणून सांगतो. बंदरातल्या आमच्या क्रेनच्या केबिनमध्ये दोन दांडे असतात. डाव्याने केबिन पुढेमागे जाते आणि उजव्याने बॉक्स वरखाली होतो. म्हणजे जो हात मोडला त्याच हातात वीस टनांचा कंटेनर लोंबकळत असतो. टर्मिनलने मला मे महिन्याची तारीख दिली आहे. ट्रेनिंग सेंटरात सिम्युलेटर आहे, खुर्ची आणि दांडे खरे, जहाज पडद्यावरचं. त्यावर हात चालला तर मी परत वर. नाही चालला तर गेटवरच्या ऑफिसात टेबलाशी बसून ट्रकवाल्यांच्या पावत्यांवर शिक्के मारायचे. मला खाली बसायचं नाही अक्षता. जून महिन्यात तुझं जहाज न्हावा शेव्याला लागणार आहे ना, तेव्हा तुमच्या डेकवरचे बॉक्स मीच उचलणार. लिहून ठेव.

मॅडमनी मनगटासाठी मातीचा गोळा दिला होता दाबायला. दोन दिवसांत कंटाळा आला. मग तू इथे ठेवून गेलेला जुना लॅपटॉप उघडला, तर त्यात तुझा तो हेलिकॉप्टरचा गेम निघाला. पुरात अडकलेलं गाव, छपरावर माणसं, वरून दोर सोडायचा आणि उचलून टेकडीवर न्यायचं. दोराला झोका बसतो, तो आवरता आला पाहिजे. अगं, हे तर माझंच काम! तुझा रिमोट हातात घेतला आणि सुरू झालो.

पण लॅपटॉप तापतो. म्हणजे किती, तर खालून भाकरी भाजून निघेल. पंखा असा घोंघावतो की वर असतो तर वारा वाढला म्हणून मी क्रेन थांबवली असती. मग चित्र अडखळत चालतं आणि ऐन टेकडीजवळ पोचलो की मशीन आपोआप बंद. छपरावरची म्हातारी दोन वेळा पाण्यात गेली. तू इंजिनीअर आहेस, उपाय कळव.

तुझा,
जयप्रकाशकाका

·

कोलंबोच्या पुढे, १४ मार्च

काका,

नमस्कार, आणि कॅचबद्दल अभिनंदन. कोलंबोला नेट मिळालं तेव्हा काकीने पाठवलेला व्हिडिओ पाहिला. बॉल आधी जमिनीला लागलाय, पण ते आपल्या दोघांत राहू दे.

लॅपटॉपला शिव्या घालू नका, तो बिचारा डबल ड्युटी करतोय. हा गेम लॅपटॉपसाठी बनवलेलाच नाही. पूर्वी टीव्हीला जोडायचा गेमचा डबा मिळायचा, त्याच्यासाठी बनवलेला आहे. लॅपटॉपमध्ये इम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम आहे, तो त्या डब्याचं सोंग घेतो. डब्याने जे काम सहज केलं असतं ते लॅपटॉपला एकेक पायरी नक्कल करून करावं लागतं, म्हणून तापतो. त्यात कॉलेजात असताना हौसेने मी चित्र मूळ आकाराच्या चौपट करून ठेवलंय. ते सेटिंगमध्ये जाऊन मूळ आकारावर आणा, निम्मा भार तिथेच उतरेल.

तापलेल्या मशीनचं वागणं आमच्या मेन इंजिनसारखंच असतं. थंड पाणी कमी पडलं की इंजिन आधी अलार्म वाजवतं, मग जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतं, आणि तरी कुणी लक्ष दिलं नाही तर बंद पडतं. तुमचा लॅपटॉप या तिन्ही पायऱ्या उतरलाय. त्याच्या पोटाखाली जाळी आहे, तिथून तो गार हवा ओढतो आणि बाजूने गरम हवा सोडतो. लॅपटॉप बंद करून दोन्ही जाळ्यांतली धूळ जुन्या ब्रशने काढा. आपल्या घरासमोरून दिवसभर ट्रेलर जातात, तेव्हा धूळ म्हणजे चांगली पोतंभर निघेल.

आणि तो ठेवता कशावर? गादीवर ठेवत असाल तर जाळी बुजते आणि लॅपटॉपचा श्वास कोंडतो. पाट घ्या एखादा. पाटाखाली दोन बाजूंना दोन वह्या सरकवल्या तरी चालेल, हवा खेळली पाहिजे.

शिक्के मारणारा काका मला नको आहे. मी जूनमध्ये डेकवर येऊन मान वर करून बघणार, तेव्हा वर तुम्ही दिसायला हवेत.

तुमची,
अक्षता

·

जासई, २६ मार्च

चि. अक्षता,

व्हिडिओ लांबून काढलाय. लांबून काढलेल्या व्हिडिओत सगळंच जमिनीला लागलेलं दिसतं.

तुझे उपाय केले. जाळीतून एवढी धूळ निघाली की काकीने मला लॅपटॉपसकट गच्चीत काढलं. चित्र मूळ आकारावर आणलं. देवघरातला जुना पाट घेतला, वह्या सरकवल्या. पंखा एकदम शांत. म्हटलं पोरगी हुशार आहे. आणि खेळायला बसलो तर काय, हेलिकॉप्टर पिसाळल्यासारखं. दोर इकडून तिकडे असा फेकला जायचा की झोका आवरेपर्यंत माणूस पाण्यात. एकालाही टेकडीवर नेता आलं नाही. मनगट ठणकायला लागलं ते वेगळंच.

मग माझ्या लक्षात आलं. हादिया मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मनगटाखाली उशी ठेवा. मी आपला लॅपटॉप आणि हात दोन्ही उशीवरच ठेवत होतो, आणि तुझं ऐकून आता पाटावर आलो. हाताचा आधार गेला, म्हणून हात बिघडला! तडक परत उशी घेतली, काकीने जुन्या नऊवारीची शिवलेली, ती जाड. लॅपटॉप तिच्यावर, मनगट तिच्यावर. आणि बघ चमत्कार. आता चित्र अडखळत नाही, मशीन बंद पडत नाही, म्हणजे धूळ आणि चित्राचा तुझा उपाय लागू पडला. आणि हात असा चालतोय की विचारू नकोस. दोराचा झोका मला आधीच कळतो, बोटं आपोआप वळतात. तीन मिनिटांची फेरी असते, त्यात मी अख्खं गाव वाचवतो आणि वर वेळ उरतो. त्या गेमचं संगीत मला आधी कर्कश वाटायचं, आता सवय झाली, कसं सावकाश भजनासारखं वाटतं.

एक गंमत सांगतो. काकी कुकर लावते तेव्हाच मी खेळायला बसतो, आणि माझी फेरी संपली की ती गॅस बंद करते. माझ्या एका फेरीत कुकरच्या इतक्या शिट्ट्या होतात की तिचा भात गाळ झाला. ती म्हणाली, "यो कुकर येडा झालाय, उगाच शिट्ट्या मारतंय." नवी शिट्टी आणली, नवं रबर आणलं, तरी तेच. मी म्हटलं, माझा हात सुधारला आणि तुझा कुकर बिघडला, एका घरात एवढं चालायचंच.

मी ट्रेनिंग सेंटरात फोन करून विचारलंय, तारीख अलीकडे मिळेल का.

तुझा,
काका

·

सिंगापूर, २ एप्रिल

काका,

मेल वाचला. इथे सामान चढतंय, इंजिनरूममध्ये धावपळ आहे, म्हणून चारच ओळी. तुम्ही अख्खं गाव वाचवताय हे वाचून बरं वाटलं. उशी राहू दे, हाताला आराम पडत असेल तर चांगलंच. खूप खेळू नका. तारखेची घाई मात्र कशाला करता? मे महिना काही लांब नाही.

काकीला सांगा, कुकर बदलू नकोस.

अक्षता

·

जासई, ९ एप्रिल

अक्षता बाळा,

मी सुचिताकाकी. मोबाईलवर लिहितेय, चुका काढू नकोस.

तुझा मागचा मेल यांनी मला वाचून दाखवला. यांना तो कौतुकाचा वाटला. मला नाही वाटला. तू लहानपणी काही फोडलंस की अशीच चार वाक्यं बोलून जिन्यावरून वर पळायचीस. आणि कुकर बदलू नकोस म्हणालीस, ते का म्हणालीस? कुकरात काही नसेल तर मग कशात आहे?

तुला इथलं सगळं माहीत नाही. हात मोडल्यावर दीड महिना हे डॉक्टर सोडून कुठे घराबाहेर पडले नव्हते. खारघरला डॉक्टरकडे जाताना मला म्हणायचे, आतल्या रस्त्याने गाडी घे. मोठ्या रस्त्यावरून बंदरातल्या क्रेन दिसतात ना, त्या बघायच्या नव्हत्या. जेवायला बसायचे आणि डाव्या हाताने भात चिवडायचे. हा गेम सुरू झाला आणि माणूस बदलला. आता रोज संध्याकाळी नाक्यावर जातात आणि सगळ्यांना सांगतात, हात पहिल्यापेक्षा भारी झाला. ट्रेनिंग सेंटरातून फोन आला, बाविसाव्या तारखेला या म्हणाले. आता यांनी काय काढलंय माहीत आहे? ती उशी टेस्टला घेऊन जायची. मला धुऊन ठेवायला सांगितली.

माणूस आनंदात आहे, म्हणून मी गप्प आहे. पण तिथे चार लोकांसमोर तोंडावर पडला तर परत उठायचा नाही, हे मला कळतं. तुला काही ठाऊक असेल तर सांग. मला नको, त्यांनाच सांग. तुझं ते ऐकतात.

काकी

·

मलाक्काची सामुद्रधुनी, ११ एप्रिल

काका,

हे पत्र बसून वाचा. मागच्या वेळी मी तुम्हाला अर्धंच लिहिलं, कारण तुमचा आनंद मोडायचं धाडस झालं नाही. आता तारीख अलीकडे आली म्हणून सगळं सांगते.

उशीने तुमच्या हाताला आधार दिला असेल, पण तिने लॅपटॉपचं नाक दाबलं. त्याला हवा मिळेना, म्हणून त्याने स्वतःचा वेग कमी केला. चित्राचा भार तुम्ही आधीच उतरवला होता, त्यामुळे तो पूर्वीसारखा अडखळत नाही, बंदही पडत नाही. फक्त अख्खा गेम सारखाच मंद चालतो. हेलिकॉप्टर मंद, दोराचा झोका मंद, संगीतही मंद. ते भजनासारखं वाटतं म्हणालात, तिथेच मला शंका आली.

तुम्ही म्हणाल, पण तीन मिनिटांच्या आत फेरी होते. काका, ती तीन मिनिटं गेमच्या घड्याळाची. ते घड्याळ गेमच्या आतच असतं, लॅपटॉप मंदावला की तेही मंदावतं. आपल्या घरात खरी वेळ एकट्या कुकरला कळत होती. तो बरोबर शिट्ट्या मारत होता.

पाटावर ठेवल्यावर हेलिकॉप्टर पिसाळलं नव्हतं. तोच त्याचा मूळ वेग आहे.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत एक फेरी उशीवर खेळा आणि एक पाटावर.

हे लिहिताना मला रडू येतंय, पण न लिहिता तुम्हाला त्या खुर्चीत बसू दिलं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं. सिम्युलेटर मूळ वेगाने चालतो. जहाजही मूळ वेगाने हलतं, आणि त्याच्या डेकवर माणसं असतात. जूनमध्ये त्यांत मीही असेन.

बाविसाव्या तारखेला जाऊ नका. मे महिन्याचीच तारीख घ्या.

अक्षता

·

जासई, १५ एप्रिल

चि. अक्षता,

घड्याळ लावून बघितलं. तू म्हणतेस ते बरोबर आहे. बाविसावी तारीख रद्द केली. लॅपटॉप कपाटात ठेवला आहे.

इकडे सर्व ठीक. मागच्या झाडाला कैऱ्या धरल्या आहेत.

जयप्रकाश

·

अरबी समुद्र, १७ एप्रिल

काका,

तुम्ही खाली "जयप्रकाश" लिहिलंत. तुमच्या मेलमध्ये हा माणूस पहिल्यांदाच आला, मी त्याला ओळखत नाही. हे पत्र काकाला आहे.

लॅपटॉप कपाटातून काढा. तिथेही हवा नाही.

मला एक सांगा. तुमच्या हाताखाली नवीन ऑपरेटर येतो, त्याला पहिल्या दिवशी भरलेला बॉक्स देता का? तुम्हीच मला सांगितलं होतं, आधी रिकामा दांडा फिरवायला लावतो, मग रिकामा बॉक्स, तोही सावकाश, आणि हात बसला की वेग. मग उशीवर तुम्ही वेगळं काय केलंत? झोका कुठे सुरू होतो आणि कधी आवरायचा हे तुमच्या हाताला कळलं ते खोटं नाही. मंद वेगात कळलं, एवढंच. तुमची चूक एवढीच झाली की वेग किती आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. तो मशीन ठरवत होतं, आपल्या तापाप्रमाणे.

आता तो तुम्ही ठरवा. इम्युलेटरच्या सेटिंगमध्ये "स्पीड" म्हणून एक पट्टी आहे. लॅपटॉप पाटावर ठेवा, वह्या सरकवा, आणि पट्टी शंभरावरून साठावर आणा. उशीवर होता साधारण तेवढाच वेग मिळेल, पण लॅपटॉप थंड राहील. साठावर सगळं गाव वाचलं की पासष्ट करा. चुकलात तर परत खाली या. उशी हवी तर फक्त मनगटाखाली घ्या. आणि काकीला रोज घड्याळ घेऊन शेजारी बसवा, तिच्यापुढे तुम्ही थाप मारू शकत नाही.

मे महिना काही लांब नाही असं मी मागे म्हटलं होतं. तसा तो नाहीच, पण सरावाला पुरेल.

तुमची,
अक्षता

·

जासई, १३ मे

चि. अक्षता,

तुझ्या काकाचा आशीर्वाद. महिनाभर लिहिलं नाही, कारण बोटांना दुसरं काम होतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते काकीला दाखवलं नाही. तिने न सांगताच कपाट उघडलं, लॅपटॉप पाटावर आणून ठेवला, भिंतीवरचं घड्याळ उतरवून मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "बसा. कुकर लावलेला नाय, आज घाई नाय." म्हणजे तुम्ही दोघी मिळालेल्या आहात हे मला कळलं.

साठावर पहिल्याच दिवशी गाव वाचलं. पासष्टला रडवलं. सत्तरला तर मी रिमोट भिरकावला, तो काकीने झेलला आणि अंपायरकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. पण पुढे जमत गेलं. कधी दोन पायऱ्या वर, कधी एक खाली. मोठ्या रस्त्याने खारघरला जायला लागलो. येताना गाडी बाजूला घेऊन क्रेन बघत बसायचो, कोणाचा झोका किती जातोय ते. हादिया मॅडमनी मनगट वाकवून बघितलं आणि विचारलं, घरी काय करता? मी म्हटलं, पूर आलाय, माणसं काढतोय. टेस्टच्या आधी मी शंभरावर आलो होतो. सगळी माणसं वाचायची असं नाही. पण बरीचशी वाचायची, म्हातारी नेहमी.

आता कालचं सांगतो. टेस्ट ट्रेनिंग सेंटरातल्या तेजश्री मॅडमनी घेतली. नवीन आहेत, पण शिकवतात चांगलं. मी खुर्चीत बसलो, दांडे धरले, पडद्यावर जहाज आलं. पहिला बॉक्स उचलला. इतका छान गेला, अक्षता, की माझाच विश्वास बसेना. झोका आला आणि मी आवरेपर्यंत माझी वाट बघत थांबला. दुसरा बॉक्सही तसाच. मागे कोणीतरी वा म्हणालं. पण मी हुरळलो नाही. कारण हा वेग माझ्या ओळखीचा होता. हा उशीचा वेग होता.

मी दांडा सोडून खाली वाकलो. खुर्चीमागच्या कपाटात सिम्युलेटरचे कॉम्प्युटर आहेत, त्यांचा पंखा घोंघावत होता. खोलीतला एसी सकाळपासून नुसता वारा टाकत होता, गार करत नव्हता, आणि मे महिन्यातली दुपार. कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. सगळे पडद्याकडे बघत होते आणि पडद्यावर सगळं ठीक चाललं होतं.

तुला खरं सांगतो, मी परत दांड्याला हात घातला. दोन बॉक्स राहिले होते. तेही तसेच गेले असते, मॅडमनी सही केली असती, आणि मी वर गेलो असतो. कोणालाही कळलं नसतं. मग मला तुझं वाक्य आठवलं, डेकवर माणसं असतात.

मी म्हटलं, "मॅडम, तुमची मशीन तापलीय, हळू चालतेय. तिला थंड होऊ द्या, आणि माझी टेस्ट पहिल्यापासून घ्या."

त्यांना वाटलं मी घाबरलो. मग त्यांनी मोबाईलवर वेळ लावून पडद्यावरच्या घड्याळाशी ताडून बघितली आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, तुम्हाला बसल्या जागी कसं कळलं? मी म्हटलं, "घरी उशीवर शिकलो." त्यांना काही समजलं नाही. एसीवाल्याला बोलावलं, कपाटाची दारं उघडी टाकली, आम्ही चहा घेतला.

मग टेस्ट परत झाली, खऱ्या वेगाने. पहिला बॉक्स बरा गेला. दुसरा शेजारच्याला घासला. तिसऱ्याला झोका मोठा गेला, मी थांबलो, तो आवरला आणि मगच बॉक्स ठेवला. चौथा नीट. मागून कोणी वा म्हणालं नाही. मॅडमनी कागद बघितला, परत बघितला, आणि म्हणाल्या, काठावर पास आहात. सुरुवातीला मी केबिनमध्ये शेजारी बसणार, आणि वेग तुम्हाला झेपेल तेवढाच. मी म्हटलं, मॅडम, झेपेल तेवढाच वेग ठेवायचा हे मला माझ्या पुतणीने शिकवलंय.

पास झालो, अक्षता. काठावर, पण माझ्या हाताने.

नाक्यावर मी काठावरचं सांगितलेलं नाही. पासच सांगितलंय.

तुझा,
काका

·

न्हावा शेवा, ८ जून

काका,

हे पत्र मी तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर बसून लिहितेय आणि तुम्हाला हाक मारता येत नाही. जहाज थोडाच वेळ थांबणार, माझी ड्युटी खाली, किनाऱ्यावर उतरायची परवानगी नाही. जासईतल्या आपल्या घराच्या दिशेला बघून नमस्कार केला. काकीने गेटवर पाठवलेला डबा पोचला. भात गाळ झालेला नव्हता.

ब्रेक मिळाला तेव्हा वर डेकवर आले. तुम्ही ज्या क्रेनवर आहात म्हणाला होतात ती शोधली. काचेतून तुमचं डोकं दिसलं, शेजारी तेजश्री मॅडम असणार. तुम्ही खाली बघत होतात, पण माझ्याकडे नाही, बॉक्सकडे, आणि तेच बरोबर होतं. मी हात केला नाही. एक बॉक्स वर गेला, त्याला झोका आला, तुम्ही थांबलात, तो थांबला, आणि मग तो किनाऱ्याकडे गेला. मला इतका अभिमान वाटला की मी तिथेच उभी राहिले आणि ब्रेक संपलेला कळला नाही.

आमचे चीफ ऑफिसर रेलिंगला टेकून कुरकुरत होते, बाकीच्या क्रेन पुढे गेल्या, ही एकच सावकाश चाललीय, गरम होऊन बिघडली का विचारा.

मी म्हटलं, बिघडलेली नाही साहेब. वर माझा काका बसलाय, वेग तो ठरवतो.

तुमची,
अक्षता